मुराळी येईपर्यंत

हैदराबादेत, नल्लकुंट्यातल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात सावित्रीबाई दर श्रावणात एक कापडी पिशवी भरून पलंगाखाली ठेवायच्या. दोन साड्या, फणी, पावडरीचा डबा, एक टॉवेल. कुठे जायचं नसायचं. नागपंचमी होऊन गेली की साड्या पुन्हा कपाटात जायच्या. त्यांचे यजमान एकनाथराव, रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, हे सगळं बघायचे आणि वर्तमानपत्रात डोकं घालायचे.

देगलूरकडच्या त्यांच्या गावात पंचमीला लेकी माहेरी यायच्या, पण आपल्या पायांनी कुणी येत नसे. भाऊ सासरी न्यायला जायचा. त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याने आत येऊन बसायचं, पाणी प्यायचं, 'बहिणीला पाठवा' म्हणायचं. सासरच्यांनी थोडे आढेवेढे घ्यायचे. मग तिची पिशवी उचलून त्याने पुढे चालायचं. लग्न होऊन सावित्रीबाई हैदराबादला आल्या तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ दत्तोबा दरवर्षी असाच यायचा. काचीगुडा स्टेशनवर उतरून थेट पायी, डोक्याला चपचपीत तेल, हातात मुगाच्या कोवळ्या शेंगांचं गाठोडं.

मग एका उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारीची पाळी कुणाची, यावरून दत्तोबाची चुलतभावाशी झटापट झाली. दत्तोबाच्या हातात फावडं होतं. चुलतभाऊ, संभाजी, पडला तो उठला नाही. दत्तोबाला जन्मठेप झाली. त्याची बायको आपल्या आईकडे गेली ती परतली नाही. आईवडील एकामागून एक गेले.

तेव्हापासून सावित्रीबाईच निघायच्या. पंचमी उलटली की काचीगुड्याहून गाडी धरायची आणि औरंगाबादच्या तुरुंगात मुलाखतीला जायचं. शिपाई नाव पुकारायचा, मग दत्तोबा जाळीपलीकडे येऊन उभा राहायचा.

"अक्का, पंचमीला येणं झालं नाही," तो दरवर्षी म्हणायचा, जणू गाडी चुकली होती.

"असू दे रे. पुढच्या वर्षी ये."

कुणी माहेर कुठलं विचारलं की सावित्रीबाई गावाचं नाव सांगायच्या. मनात मात्र ती जाळी यायची.

शिक्षा संपवून तो सुटला तेव्हा गावातलं घर उभं होतं. पण त्या घराची आणि संभाजीच्या घराची भिंत एकच होती.

"त्याच्या बायकोसमोर रोज दात घासायला बसू का, अक्का?" तुरुंगाच्या फाटकाबाहेर दत्तोबा म्हणाला.

सावित्रीबाईंनी त्याला हैदराबादला आणलं. नल्लकुंट्यात जिना चढून आल्यावर तो दारातच थांबला. दार सताड उघडं होतं. "ये की," त्या म्हणाल्या, तेव्हा आत आला. जेवायला बसायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात तसाच उभा. दार आपण ओलांडायचं नसतं, कुणी सांगितलं की ओलांडायचं, हे त्याच्या अंगात मुरलं होतं.

"दत्तोबा, आमच्याकडे कडी आतून आहे बरं का," एकनाथराव म्हणाले. सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. पण दत्तोबा हसला. बऱ्याच वर्षांनी त्याचे दात दिसले, आणि त्यातले दोन नव्हते.

सून भाग्यलक्ष्मी हैदराबादेतच वाढलेली. ती म्हणाली, "आई, मामांना इथंच ठेवू. हॉलमधे जागा है ना."

दत्तोबाने मान हलवली. "आठ दिवस पाहुणा म्हणून राहतो, पोरी. पुढं बहिणीच्या घरी बसून खाल्लं तर आमचे अण्णा स्वप्नात येऊन कान पिळतील."

तुरुंगात तो शिवणकाम शिकला होता. गौलीगुड्यात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत जब्बारभाईंचं प्रवासी बॅगा दुरुस्त करायचं दुकान होतं, एकनाथरावांच्या ओळखीचं. सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि लपवाछपवी न करता सगळं सांगितलं, फावड्यासकट. जब्बारभाईंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

"सुई आती क्या उसकू?"

"येते. मशीनपण येते."

"तो भेज दो. बाकी मैं देख लेतूं."

दुकानाच्या वरची खोली रिकामी होती. सावित्रीबाईंनी ती सजवली. स्वतःच्या घरातला स्टोव्ह, तवा, ताटल्या, सतरंजी, आईच्या हातची गोधडीसुद्धा. मसाल्याचा डबा भरून दिला. शिवाय एकनाथरावांच्या स्कूटरवरून रोज दुपारी डबा जायचा. ज्वारीची भाकरी, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. स्टोव्ह कधी पेटलाच नाही. दत्तोबा डबा धुऊन परत पाठवायचा, घासून लखलखीत केलेला.

कामाबद्दल तक्रार नव्हती. "हात अच्छा है जी तुम्हारे भाई का," जब्बारभाई फोनवर सांगायचे. "पन दुकान के बाहर खडा रहता. 'आओ' बोले तो अंदर आता. रोज बोलना पडता."

त्या वर्षी श्रावण आला आणि सावित्रीबाईंनी पिशवी भरली. या खेपेस खरी भरली, नवी साडी वर ठेवून. भाऊ सुटला होता, इथेच शहरात त्याची खोली होती, आणखी काय पाहिजे? पंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपवास करतात, तो त्यांनी केला. दुपारभर जिन्याकडे कान लावून बसल्या. दत्तोबा आला तो दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, रिकामा डबा घेऊन. हाक मारल्यावर आत आला, पुरणाची दिंडं खाल्ली, "छान झालीत" म्हणाला आणि गेला. न्यायचं नावही काढलं नाही.

सावित्रीबाईंनी पलंगाखालून पिशवी ओढली आणि साड्या काढायला लागल्या.

"तो विसरला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तेवढी एक गोष्ट बोलायचा, आणि विसरला."

एकनाथराव वर्तमानपत्रातून बाहेर आले. "विसरला नाही. नेईल कुठे तुला? स्टोव्ह तुझा, तवा तुझा, गोधडी तुझी. भाकरी इथून जाते. सावित्री, तुझं माहेरसुद्धा तूच थाटून बसलीस. त्या खोलीतून मुराळी निघावा, एवढी जागा ठेवलीस का?"

हातातल्या साडीची घडी सावित्रीबाईंनी उलगडली, परत घातली, परत उलगडली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डबा बंद केला. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही इथून पाठवल्यासारखंच झालं असतं. दुपारी हात आपोआप दोन भाकऱ्या जास्त थापायचे. त्या भाकऱ्या भाग्यलक्ष्मी लोणच्याशी खायची आणि म्हणायची, "आई, मी जाड होईन हां. मामांचा राग माझ्यावर का?" गौलीगुड्यालाही सावित्रीबाई गेल्या नाहीत. बर्कतपुऱ्यापर्यंत भाजीला गेल्या की तिथून पुढे जाणाऱ्या बसकडे बघत उभ्या राहायच्या. तो जेवला असेल का, की चहा-बिस्किटावर दिवस काढत असेल? चिडून निघून तर जाणार नाही ना कुठे? तुरुंगात होता तेव्हा निदान कुठे आहे हे ठाऊक होतं.

दिवाळीत तो आला, वाळलेला. काही विचारलं नाही. बोटाला पोळल्याचा डाग होता. सावित्रीबाईंनी डाग बघितला आणि जीभ दाताखाली धरली.

"तवा तापला की नाही, पाणी शिंपडून बघावं," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"कळलं ते," दत्तोबा म्हणाला.

उन्हाळ्यात जब्बारभाईंचा फोन आला. भाऊ काचीगुड्याच्या गिरणीतून ज्वारीचं पीठ आणतो, जळकी भाकरी खातो आणि त्यांनाही खायला लावतो. "पत्थर है बिल्कुल. पन मोहब्बत से देता, क्या करतूं." त्याने दुसरा तवा आणला, असंही म्हणाले. बहिणीचा तवा कागदात गुंडाळून वर ठेवलाय. आणि तुम्ही एक पिशवी शिवायला सांगितली होती का? नाही? मग कुणासाठी शिवतोय कोण जाणे, कापड तीन वेळा उसवलं.

सावित्रीबाईंनी फोन ठेवला आणि उगाच जाऊन जिन्याचा कठडा पुसला.

पुन्हा श्रावण. पंचमीच्या आदल्या दिवशी त्यांचा उपवास होता. पिशवी त्यांनी भरली नव्हती. मनाला पुन्हा तेवढं हलवायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी भाग्यलक्ष्मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली आणि तिथूनच म्हणाली, "आई, मामा खाली उभे आहेत. फाटकाजवळ."

सावित्रीबाई गॅलरीत आल्या. दत्तोबा फाटकाबाहेर होता. धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला तेल. काखेत घडी केलेलं काहीतरी. फाटक उघडंच होतं. तो उभा होता, नाव पुकारलं जाण्याची वाट बघत.

"हाक मार की," एकनाथराव मागून म्हणाले.

हाक ओठांवर आली होती. इतकी वर्षं त्यांनी त्याला बोलावलंच होतं, जाळीपलीकडून, फाटकातून, दारातून. पण मुराळ्याला कुणी हाक मारून आणत नाही. त्यांनी कठडा घट्ट धरला.

"नको."

"अगं, परत जाईल तो."

"जाऊ दे."

खाली एक रिक्षा थांबली, गेली. दत्तोबाने वर पाहिलं. बहीण दिसली त्याला, बोलत नसलेली. त्याने चपलेकडे पाहिलं, मग फाटकाकडे. आणि दिसेनासा झाला.

सावित्रीबाईंनी डोळे मिटले. जिन्यावर पावलं वाजली तरी उघडले नाहीत. पावलं दाराशी आली, थांबली, बराच वेळ थांबली. मग फरशीवर, आत वाजली.

दत्तोबा खुर्चीत बसला होता, कुणी न सांगता. कपाळावर घाम होता.

"पाणी द्या, दाजी," तो एकनाथरावांना म्हणाला. पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "अक्काला न्यायला आलोय. पंचमीला. पाठवता का?"

एकनाथरावांनी चष्मा काढला, पुसला. "आमच्या घरचं काम कोण करणार मग?"

"मी आहे की," भाग्यलक्ष्मी म्हणाली आणि सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाली. आढेवेढे घ्यायचे असतात हे तिला ठाऊक नव्हतं.

"बरं, न्या," एकनाथराव म्हणाले. "पण लवकर पोचवा. मला चहा करता येत नाही."

दत्तोबाने काखेतली घडी उलगडली. निळ्या कापडाची पिशवी होती, बॅगेसारखा पट्टा लावलेली, कडेला दुहेरी शिवण. सावित्रीबाईंनी त्यात दोन साड्या आणि फणी टाकली. उचलायला त्यांचा हात पुढे गेला, त्याआधी त्याने ती खांद्याला लावली आणि पुढे चालू लागला.

रिक्षावाल्याने विचारलं, "किधर जाना, अम्मा?"

"गौलीगुडा," सावित्रीबाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "मैके."

त्याने आरशातून त्यांच्या पांढऱ्या केसांकडे एकदा बघितलं आणि रिक्षा चालू केली.

खोलीवर दत्तोबाने त्यांना सतरंजीवर बसवलं आणि भगर वाढली, शेंगदाण्याच्या आमटीबरोबर. उपवास त्याच्या लक्षात होता. भगरीत गुठळ्या होत्या. खाऊन झाल्यावर त्या ताटली उचलायला उठल्या.

"बस तू," तो म्हणाला. "माहेरी आलीस ना?"

त्या बसल्या. हातांना काही काम नव्हतं, ते त्यांनी मांडीवर ठेवले. खिडकीतून बस स्टँडचे पत्रे दिसत होते, आणि त्यांच्याही पलीकडे धूर. गावात पंचमीला वेशीवरच्या निंबाला झोके बांधायचे, आई खालून ओरडायची, हळू घ्या गं. सावित्रीबाई त्या पत्र्यांकडे बघत राहिल्या, झोका वर जाताना गाव जसं दूर दूर दिसायचं, तसं. मागे दत्तोबा त्यांची ताटली घासत होता.