मोगऱ्याचा ताण

हैदराबादच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि आईला घरी पाठवलं, तेव्हा माघ लागला होता. आदिलाबादेत उन्हं तेव्हापासूनच चावायला लागतात. ओसरीवरच्या खाटेवरून ती मला कामं सांगायची. दोडक्याचे वाळके वेल कुंपणावरून ओढून काढ, वाफे उकर, लिंबाचं आळं मोठं करून त्यात पालापाचोळा दाब. शाळेत शिकवून दमून आलेली मी वैतागत ते करायची. "उंटावरून शेळ्या हाकाले बरं जमते तुले," असं म्हटलं की हसायची.

पण तिचा जीव अडकला होता मोगऱ्यात. "यंदाचा मोगरा पाहीन अन् मंग जाईन," म्हणायची. मोगऱ्याला आधी ताण द्यावा लागतो. पानं मलूल होऊन गळेपर्यंत पाणी तोडायचं, मग छाटणी, शेणखत आणि भरपूर पाणी. तेव्हा कुठं चैत्रात कळ्या धरतात. ताण बसला नाही तर झाड नुसतं पानांवर जातं. तिच्या सांगण्यावरून मी पाणी तोडलं होतं.

बाबांचा जन्म तहसील कचेरीत मिसली-फायली चाळण्यात गेलेला. बागेत कधी तांब्याभर पाणी घातलं नाही. पण त्या दिवसांत त्यांना कोमेजलेलं काही बघवत नव्हतं. मी शाळेत गेले की ते मोगऱ्याला बादली घालत. होळीआधीच झाड हिरवंगार दिसलं आणि माझं डोकं फिरलं. तरातरा त्यांच्याकडे निघाले, तर आईनं ओढणी धरली.

"त्याईले काई बोलू नको."

"आता एक फूल लागत नाई, आई!"

"मालूम हाय मले. रोजच पाहून राह्यली मी. झाडाले पाणी टाकून येतात, तवा कुठं माह्यापाशी बसून दोन घास खातात. नाई तं उपाशीच राह्यतात."

मी मागं जाऊन रागानं रडले. राग कुणाचा, तेही कळेना.

वैशाखात ती गेली. एक कळी धरली नव्हती. सवाष्ण गेली म्हणून तिच्या केसांत माळायला बायकांनी बाजारातून गजरा आणवला.

तेरवीनंतर बाबा मोगऱ्यापाशी उभे होते. "काऊन नाई आली वं फुलं?"

"ऊन लय व्हतं यंदा," मी म्हणाले.

"मंग आता दोन टाइम पाणी टाकावं लागन," ते म्हणाले आणि नळाकडे गेले.