पंक्चरवालीचा जबाब

तुरुंगात आम्हाला लेखन शिकवायला आलेल्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, "आपापली गोष्ट लिहा. अगदी मनातली." आम्ही सगळ्याजणींनी इमानेइतबारे जबाब लिहून दिला. 'समक्ष विचारल्यावरून सांगते की, मला लहानपणी पोहायला आवडत असे.' खाली तारीख आणि सही. एकीने तर अंगठ्याचा ठसाही उमटवला. बाईंनी कपाळावर हात मारला. आता यात आमचा काय दोष? चौकीत, वकिलाकडे, कोर्टात, जो तो आमची हकिकत याच साच्यात मागत आला होता.

सगळ्यात पक्का जबाब पंक्चरवालीचा. बाहेर रस्त्याकडेला तिचं स्वतःचं दुकान होतं. ट्रकचं चाक एकटी उतरवायची, आणि मदतीला कुणी पुढे आलाच तर त्याला बाजूला बसवायची. मारझोड करणाऱ्या नवऱ्याच्या डोक्यात एकदा पान्हा घातला आणि आत आली. जगाला तेवढंच ठाऊक. कोर्टात तिच्या बाजूने एकही साक्षीदार उभा राहिला नाही. लेक तेव्हा लहान होती. मामाने तिला वाढवलं, पण त्या घरात आईचं नाव काढायची सोय नव्हती.

वाचनाच्या कार्यक्रमाला घरच्यांना बोलवायचं ठरलं, तशी ही बया हट्टाला पेटली. "माझा गुन्हा पोरीला तोंडपाठ असेल," ती मला म्हणाली. "माझं काम कळू दे तिला." शिलाईच्या खोलीत मशिनं बंद झाली की ती तिथेच लिहीत बसायची. पान्हा पेलणारा हात पेन धरताना घामाघूम व्हायचा. मी डोकावले की पदराने कागद झाकायची. भारी मिजास.

लेक आली. आईसारखीच रुंद मनगटांची. सगळ्यात मागच्या बाकावर मान खाली घालून बसली. पंक्चरवालीने वाचायला घेतलं. ट्यूब पाण्यात कशी फिरवायची, भोकाभोवती कानस कशी घासायची, सगळं आलं. मग म्हणाली, "माझी लेक निळ्या घमेल्यापाशी उकिडवी बसायची, आणि बुडबुडा माझ्याआधी पकडायची."

"हिरवं," मागून आवाज आला. "घमेलं हिरवं होतं. एका कडेला चेपलेलं."

पंक्चरवालीने बाईंकडून पेन घेतलं, निळं खोडून हिरवं केलं आणि पुढे वाचू लागली. आवाज जराही कापला नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी शेजारणीला उगाचच कोपर मारलं.

शेवटी मात्र सवय गेली नाही. "वरील मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे," असं वाचून तिने सही ठोकली. बाईंचा हात पुन्हा कपाळाकडे गेला. तोवर लेक बाकांमधून वाट काढत पुढे आली होती. तिने कागद स्वतःकडे वळवून घेतला.

"पेन दे, आई," ती म्हणाली. "साक्षीदाराची सही राहिलीय."