तीन मिलिमीटरांची तिण्णै

तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घरं एकमेकांना खेटून होती आणि प्रत्येक घरापुढे, रस्त्याच्या बाजूला, कौलांच्या सावलीत, उंबरठ्याच्या पातळीला, गुडघाभर उंचीचा ओटा होता. घरात आम्ही जुन्या वळणाची मराठी बोलत असलो तरी त्याला ओटा कुणी म्हणत नसे. तमिळमधली तिण्णै, तोच आमचा शब्द. माझे वडील, अप्पा, शाळेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा पाय लुळा पडला. चौकटीला धरून उंबरठा ओलांडायचा आणि दोन पावलं टाकून तिण्णैवर बसायचं, एवढंच त्यांना जमे. तेवढ्यावर त्यांचं भागतही होतं. पोस्टमन, फुलवाली, जुने विद्यार्थी, कुणाचं लग्न मोडलं नि कुणाच्या मुलाला परदेशी नोकरी लागली, सगळं तिथवर चालत येई. आत ते पेशंट होते, बाहेर बसले की पुन्हा मास्तर. दुपारी त्यांना आत आणायचं म्हणजे माझ्या नाकी नऊ येत.

मी तेव्हा नकाशे काढणाऱ्या एका खाजगी कार्यालयात होते. नव्वदीची मधली वर्षं. कार्यालयात पहिला संगणक आला होता आणि त्याला थंड हवेची खोली मिळाली होती. आम्ही चार आरेखक बाहेर पंख्याखाली, घामाचा थेंब ट्रेसिंगच्या कागदावर पडू नये म्हणून मनगटाखाली रुमाल घेऊन बसायचो. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची, हे माझं खास काम. माझा हात हलका होता. संगणकावर पहिली बदली माझीच होणार असं साहेब म्हणत, आणि मी त्यावर भाळले होते हे कबूल करते.

त्या वर्षी युरोपातला एक नगररचनाकार आमच्याकडे आला. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांसाठी त्याने एक आराखडा करायचा होता आणि त्याला लागणारा मूळ नकाशा आमच्या कार्यालयाने द्यायचा होता. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला पडद्यावर त्याच्या शहराची चित्रं दाखवली. आधी मोटारींनी गच्च भरलेला एक चौक, मग तोच चौक मोटारींवाचून: झाडं, बाकं, सायकलवर ऑफिसला निघालेल्या बायका. मोटारी हटवायला वीस वर्षं भांडावं लागलं, तो म्हणाला. मी त्याच आठवड्यात सायकल विकून मोपेडसाठी नाव नोंदवलं होतं. आम्ही जिथून सुटायची धडपड करत होतो तिथे ही माणसं भांडून परत चालली होती. मला हसू आलं, पण साहेब पुढच्या रांगेत होते.

गल्ली बघायला त्याला मीच घेऊन गेले. ऊन फार होतं. अप्पांनी तिण्णैवरून हात केला आणि तो सरळ जाऊन शेजारी बसला. बूट काढून, पाय वर घेऊन. लाल फरशी हाताने चाचपली. कॉफी आमच्यासारखी पेल्याला ओठ न लावता प्यायचा प्रयत्न केला आणि शर्टावर सांडली. मग त्याने विचारलं, ही जागा तुमची की रस्त्याची? अप्पा मास्तरी इंग्रजीत म्हणाले, भिंत माझी आहे, बसणाऱ्याला मी विचारत नाही. त्याने ते वहीत लिहून घेतलं. आमच्या शहरात हे हरवलं, असंही म्हणाला. तो गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "मनुष्य बरा आहे. पण कॉफी पिणें मात्र कोणीं शिकविलें नाहीं त्यास."

मूळ नकाशा माझ्याकडे आला. एकास पाचशे प्रमाण. म्हणजे दीड मीटरची तिण्णै कागदावर तीन मिलिमीटर. आमच्या कार्यालयाचा नियम असा, की घर म्हणजे दाराची भिंत. भिंतीबाहेर जे काही असेल, पायऱ्या, तुळस, तिण्णै, ते नकाशात यायचं नाही. त्यामुळे नकाशात आमची गल्ली पाच मीटरांची आठ झाली. मला ते बघवेना. मी पेन्सिलीने दोन्ही बाजूंनी तिण्ण्यांची तुटक रेघ ओढली. साहेबांनी पाहिली आणि तमिळमध्ये म्हणाले, "हे काय मध्येच? त्या माणसाला उगीच कोड्यात कशाला टाकतेस?"

मी वाद घातला नाही. एक तर संगणकाची खोली डोळ्यांपुढे होती. दुसरं म्हणजे मला खरंच वाटलं, की जो बूट काढून तिथे बसला त्याला रेघ कशाला पाहिजे? खोडरबर घेतलं, दोन्ही बाजू स्वच्छ केल्या आणि उरलेल्या भिंती शाईने पक्क्या केल्या. नकाशा सुबक झाला होता.

सात-आठ महिन्यांनी कुरिअरने आराखडा आला. इतका देखणा कागद आमच्या कार्यालयात कधी आला नव्हता. गल्लीत दिवसा वाहनांना बंदी. दोन्ही बाजूंनी भिंतीपर्यंत पदपथ, पावसाचं पाणी मुरायला मोकळ्या फटींची फरशी, ओळीने कडुनिंब, ठरावीक अंतरावर बाकं. आणि आमच्या घराजवळच्या बाकावर त्याने एक म्हातारा काढला होता, वेष्टी नेसलेला, मांडीवर वर्तमानपत्र. कपाळावरून मी ओळखलं. त्याच्या मनात अप्पा राहिले होते. ते कशावर बसले होते ते मात्र माझ्या नकाशाने त्याला सांगितलं नव्हतं. पदपथ बरोबर तिण्ण्यांवरून जात होता.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, कागद मंजूर झालाय, आता काय! शिवाय तुझे वडील चित्रात आले, आणखी काय पाहिजे तुला? मला त्या पाहुण्याचा राग आला नाही, साहेबांचाही फारसा नाही. माझीच लाज वाटली. त्या रात्री मी त्याला पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी टाकलं. उत्तर आलं तोवर फोडणारी माणसं गल्लीच्या टोकाशी पोचली होती. फार हळहळून लिहिलं होतं. मी पाच हजार मैलांवरून कागदावर विश्वास ठेवला, असं त्यात एक वाक्य होतं. काम थांबवायचा अधिकार त्यालाही नव्हता.

आमच्या तिण्णैला एक सकाळ पुरली. मग उंबरठ्याखाली तीन अरुंद पायऱ्या आल्या, कठड्यावाचून. बाक दारापासून अकरा पावलांवर बसवलं, मी मोजली. गल्ली छान झाली, हे मी नाकारत नाही. धूळ कमी झाली, मुली रस्त्याच्या मधोमध चालू लागल्या, पुढे झाडंही वाढली. अप्पांना पायऱ्या उतरता येत नव्हत्या. दोनदा आम्ही त्यांना उचलून बाकावर नेलं. तिसऱ्यांदा ते नको म्हणाले, कारण तिथे दोन अनोळखी मुलं बसली होती आणि त्यांना उठवायचं कोणत्या हक्काने, हे त्यांना कळेना. मग आम्ही केबल घेतली. ते टीव्हीसमोर बसू लागले. फुलवाली काही दिवस दारातून हाक मारायची, पुढे घाईत निघून जायची.

एका दुपारी म्हणाले, "तो नकाशा दाखवशील मज? असकी, सगळी गल्ली बोलते त्याचें."

मी प्रत आणली. त्यांनी चष्मा लावून सावकाश पाहिली, बोट बाकावर थांबलं.

"हा कोण?"

"तुम्हीच, अप्पा."

"चांगला काढिला आहे." मग म्हणाले, "पाय दोन्ही सारखे आहेत."

त्यांचं बोट बाकावरून आमच्या दारापर्यंत आलं. "आणि तिण्णै कोठें? तो पाहुणा तर बसला होता तेथें. तूं नाहीं काढलीस?"

"काढली होती. पेन्सिलीनें."

"मग?"

"पुसली."

"कोणीं?"

"मींच."

त्यांनी नकाशाची घडी जुन्या खुणांवरूनच नीट केली, माझ्या हातात दिली आणि टीव्हीचा आवाज जरा मोठा करायला सांगितला.