मुठीजवळची चार भोकं

माझी मुलगी कॉलेजच्या अभ्यासाला हात लावते की नाही ते तिलाच ठाऊक, पण एका व्हिडिओ गेमचा तिचा अभ्यास अगदी पक्का आहे. राजे, जंगलं, भुतंखेतं आणि जादूची शस्त्रं असा तो गेम. तो खेळणारी मंडळी इंटरनेटवर जमतात आणि तर्क लढवतात, अमका राजा खरा कोण, तमकी तलवार आली कुठून. मी याला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणत असे. नवरात्रातल्या एका रविवारी, जेवून मी जरा आडवा होणार, तेवढ्यात तिने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"बाबा, तुम्ही फिटर आहात ना? मंग हे पाहा आन् सांगा."

पडद्यावर एक तलवार होती. अशी सात शस्त्रं आहेत म्हणे. विजेसारखी चालतात, पण कधीतरी धरणाऱ्याचाच हात कापतात. सगळे खेळणारे समजतात की त्यांचं लोखंड आकाशातून पडलेलं आहे, त्याला शाप आहे आणि तो शाप हीच त्यांची जादू. गेममधली गावं त्या शस्त्रांची देवळं बांधतात, त्यांना फुलं वाहतात. मुलीला हे पटत नव्हतं. तिने चित्र मोठं केलं.

"मुठीजवळ चार भोकं पाहा. सातही शस्त्रांले आहेत. काहून असतीन?"

मी चष्मा लावला. भोकांच्या मधला भाग बाकीच्या लोखंडापेक्षा उजळ होता. असा डाग मी आयुष्यभर पाहत आलोय.

"इथं काहीतरी बसवलेलं होतं," मी म्हणालो. "कोणीतरी काढून घेतलं."

"तेच तर म्हणून राहिली मी!" तिने गेममधल्या लोहाराचं दुकान उघडलं. त्याच्या मागे कोपऱ्यात लोखंडाचा ढीग होता. सगळे त्याला भंगार समजतात, हिने मात्र त्यातले वाकवलेले पत्रे मोजले होते. सात. प्रत्येकाला चार भोकं. "हात वाचवाचे पत्रे आहेत हे. जादूबिदू काई नाही, बाबा. पत्रा काढला म्हणून शस्त्र जोरात चालते, आन् म्हणूनच हात कापते. मंग शाप आहे म्हणा, देऊळ बांधा. लोहाराले कोणी विचारतच नाही."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकच गोष्ट अडते," ती म्हणाली. "लोहाराले तर सगळं माहीत असते. तरी त्यानं काहून काढला? त्याचे स्वतःचे दहाही बोटं शाबूत आहेत. मी मोजले."

मी उठून पाणी प्यायलो. त्या दुपारी झोप काही आली नाही.

हिंगण्याच्या एका कारखान्यात मी मशिनींची दुरुस्ती करतो. आमच्याकडे एक जुनी प्रेस मशीन आहे, चार नंबरची. वरून ठोका पडला की लोखंडी पट्टी वाकून बाहेर येते. तिच्या तोंडाशी जाळीचं गार्ड लागतं, म्हणजे हात आत जात नाही आणि पट्टी चिमट्याने सरकवावी लागते. पण चिमट्याने काम हळू होतं. म्हणून फार वर्षांपूर्वी सुपरवायझरने सांगितलं आणि मी चार बोल्ट उघडले. गार्ड स्टोअरच्या मागे उभं केलं, बोल्ट माझ्या लॉकरमधल्या बिस्किटाच्या डब्यात टाकले. माझ्या पोरीला न सापडलेलं उत्तर एवढंच होतं. सांगितलं, म्हणून काढलं.

त्यानंतर त्या मशीनवर एक नवा कामगार आला. आम्ही रोज एकत्र डबा खायचो. एका सकाळी चार नंबरने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं घेतली. बाकीचे त्याला दवाखान्यात घेऊन धावले. मी गेलो नाही. मी स्टोअरच्या मागून गार्ड आणून बसवत होतो. चौकशीला साहेब आले तेव्हा ते जागच्या जागी होतं आणि कागदावर कामगाराचा निष्काळजीपणा लिहिला गेला. आठवड्याने मी ते पुन्हा काढलं. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

त्याला गेटवर बसवलं. तेव्हापासून कारखान्यात बोललं जाऊ लागलं की चार नंबर कडक आहे, तिला माणूस लागतो. खंडेनवमीला सगळ्या मशिनी धुऊन पुसून पूजा होते, तेव्हा झेंडूचा सगळ्यात मोठा हार तिला. तिच्यासमोर नारळ फोडायचा मान गेटवरच्या माणसाचा. तो डाव्या हाताने फोडतो. मी बाजूला उभा राहून इतकी वर्षं खोबरं खात आलो.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये चार नंबरचा आताचा ऑपरेटर माझ्या शेजारी बसला होता. कन्हानचा, गाण्याच्या पार्टीत ढोलकी वाजवणारा. समोरच्या सीटच्या दांड्यावर त्याची बोटं सारखी नाचत असतात. एरवी मला त्याचा वैताग यायचा. त्या दिवशी माझी नजर त्या बोटांवरून हलेना.

"हात जपून टाकत जा, गा," मी म्हणालो.

तो हसला. "तिले नारळ देतो ना आपण, काका. मले काई करत नाही ते."

मी सुपरवायझरकडे जाऊन गार्ड बसवायचं म्हणालो. माल अडकलाय, दसरा होऊ दे, मग पाहू, असं उत्तर मिळालं. पुढचे दिवस मी चार नंबरचा प्रत्येक ठोका ऐकला. ठोका लांबला की हातातला पाना थांबायचा. घरी जेवताना मुलीची बोटं भाकरी मोडायची, तिकडे बघवत नव्हतं.

खंडेनवमीला मशिनी बंद असतात. मी लवकर पोचलो, गंजलेलं गार्ड ओढत आणलं आणि जागेवर बसवलं. बोल्ट लावलेच नाहीत. वेल्डिंग मारून टाकलं.

सुपरवायझर आला आणि लाल झाला. "हे काय केलं, गा? उद्या काढून टाकजो."

"कापूनच काढा लागीन," मी म्हणालो. "आन् मी कापणार नाही."

तो पुढे बोलणार होता, पण हार आले, उदबत्त्या लागल्या, लोक जमले. ढोलकीवाला हात जोडून पुढे उभा राहिला. गेटवरचा माणूस डाव्या हातात नारळ घेऊन आला आणि गार्डसमोर थबकला. उरलेली दोन बोटं त्याने जाळीवरून फिरवली.

"नवीन आणलं का हे?"

"नाही. जुनंच आहे."

"मंग माह्या वेळी कुठी होतं?"

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. इतकी वर्षं मी न बोलता तेच म्हणत होतो.

"स्टोअरच्या मागं," मी म्हणालो. "मीच काढलं होतं. तू दवाखान्यात होता तवा मीच परत लावलं, अन् तू सुटून याच्या आधी मीच पुन्हा काढलं."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या, चार लोकांत मारलं असतं, तर बरं वाटलं असतं. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. मग त्याने नारळ माझ्या हातात ठेवला.

"मंग यंदा तूच फोड."

माझी दहाही बोटं शाबूत होती, तरी तो नारळ मला धरवेना.