साडूभाऊंच्या गिअरबॉक्सचं तेल

आयुष्यात जे काही बिघडतं ते वेळेवर तेल न बदलल्यामुळेच बिघडतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. तेल म्हणजे डोक्याचं नव्हे आणि फोडणीचंही नव्हे, गाडीच्या गिअरबॉक्सचं. इंजिनचं तेल काय हो, सगळेच बदलतात. पण गिअरबॉक्स बिचारा खाली अंधारात मुकाट राबतो, म्हणून त्याची कुणी विचारपूस करत नाही, हे सांगताना साडूभाऊंचा आवाज चक्क हळवा होतो. जेसल पार्कला त्यांच्याकडे जेवायला गेलं की पहिला घास पोटात जायच्या आत प्रश्न येतो, "तुझ्या गाडीचं केव्हा बदललंस रे?" मी दर वेळी नवी थाप मारतो. ते ती ओळखतात आणि बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना म्हणतात, "वाढ त्याला अजून. गाडी उपाशी ठेवलीय, निदान हा तरी जेवू दे."

तेल कधी बदलायचं, याबाबत गाडीबरोबर आलेल्या पुस्तकाचं ते ऐकून घेतात आणि करतात आपल्या मनाचंच. पन्नास-साठ हजार किलोमीटर झाले की बदलावं, हे तुमच्याआमच्यासारख्या सामान्य जीवांसाठी. गाडी तुंबलेल्या पाण्यातून गेली असेल तर आधी, आणि सकाळी थंड गाडीचा दुसरा गिअर कुरकुरत पडत असेल तर त्याच्याही आधी. मग परीक्षा. थेंब दोन बोटांत चोळायचा, डोळे मिटायचे, वास घ्यायचा. नवं तेल मधासारखं, जुनं काळं, आणि बोटांवर चमचम दिसली की समजायचं, आत गिअरचे दाते झिजताहेत. पार्किंगमध्ये हे चालू असलं की बिल्डिंगमधली माणसं देवळातून जावं तशी आवाज न करता जातात. रिक्षात बसतानाही ते विचारतात, "भाई, गिअर का ऑइल कब बदला?" एक रिक्षावाला वैतागून म्हणाला, "चाचा, आप बैठो ना!" बसले बिचारे, पण स्टेशन येईपर्यंत त्या रिक्षाचं दुःख त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांच्या मुलीला बघायला आलेल्या मुलाने सहज सांगितलं, की माझ्या गाडीतलं तेल लाइफटाइम आहे, बदलावंच लागत नाही. साडूभाऊंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "लाइफ कुणाची? गाडीची का मालकाची?" लग्न झालं, पण त्याआधी मुलाने तेल बदललं.

त्यांच्याबरोबर काशीगावच्या गॅरेजमध्ये जाणं म्हणजे मात्र एक वेगळंच सुख. आधी गाडी फिरवून गरम करायची, म्हणजे तेल पातळ होऊन नीट उतरतं. मग खालचा बोल्ट सोडला की काळी जाड धार पडू लागते, हळूहळू बारीक होते, मग नुसते थेंब. "घाई नाही," साडूभाऊ म्हणतात, "त्याला सावकाश जाऊ दे." हायवेवरून ट्रक धडधडत जात असतात, पण गॅरेजमधल्या खुर्च्यांवर बसलं की तो आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटतो. थेंब पडतोय, मग बऱ्याच वेळाने दुसरा. मला हमखास पेंग येते. साडूभाऊ मात्र जागे असतात, हसऱ्या चेहऱ्याने.

गेल्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या गाडीचा दुसरा गिअर कुरकुरायला लागला. मुलगी केव्हापासून मागे लागली होती, "बाबा, विका ना ती गाडी. नाहीतर ऑटोमॅटिक घ्या." ऑटोमॅटिक म्हटलं की साडूभाऊंच्या कपाळाला आठी. "म्हणजे मी नुसतं बसायचं आणि गाडी मला नेणार? मी काय पार्सल आहे?" शेवटी चिडून त्यांनी तिला शब्द दिला : तेल बदलतो, नव्या तेलावरही गिअर कुरकुरला, तर गाडी विकायची. आणि हा माणूस शब्द फिरवणारा नव्हे. ताई मला हळूच म्हणाल्या, "गाडी गेली तर हे दिवसभर करणार काय रे?"

तेल बदललं. नव्या तेलाची पहिली फेरी समुद्रकाठच्या उत्तनला काढायची, हा त्यांचा रिवाज. त्या रस्त्यावर चढ आहे, वळणं आहेत, सगळे गिअर लागतात. आम्ही दोघे निघालो. चढावर त्यांनी दुसरा टाकला आणि गिअर असा काही करकरला की माझ्याच दातांत कळ गेली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. साडूभाऊंनी गाडी कडेला घेतली. चेहरा पांढरा पडला होता. "तू बघ जरा," म्हणाले.

मी चालवायला बसलो. क्लच पूर्ण दाबला, दुसरा टाकला. काही आवाज नाही. तिसरा टाकला, परत दुसरा. लोण्यातून सुरी फिरावी तसा. मला आनंद झाला, "अहो, मस्त पडतोय की!" असं मी ओरडणारही होतो, आणि बाजूला बघितलं. साडूभाऊ आपला डावा गुडघा दाबत बसले होते. वर्षभर जिना उतरताना ते कठडा धरायचे, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचा पाय क्लच पुरता दाबतच नव्हता. जगातल्या सगळ्या गिअरबॉक्सचं दुखणं ओळखणाऱ्या या माणसाने स्वतःच्या गुडघ्याचा दोष तेलावर ढकलला होता.

"तुमची चप्पल नवीय ना, घसरत असेल," मी म्हणालो.

"गप रे," ते म्हणाले. पण रागाने नाही.

उत्तनला त्यांची नेहमीची मासळीवाली आमची गाडी ओळखून पुढे आली. "आज तू चालवीत न्हाय? बरा हाय ना?" तिने विचारलं. "गाडी बरी आहे," साडूभाऊ म्हणाले. त्यांनी सुके बोंबील घेतले, चक्क घासाघीस न करता.

परतताना ऊन उतरलं होतं. वाळत घातलेल्या मासळीच्या काठ्यांमधून समुद्र दिसत होता आणि रस्त्याला कुणी नव्हतं. अचानक त्यांनी उजवा हात गिअरवर ठेवला. "तू नुसता क्लच दाब. मी सांगेन तेव्हा." मी दाबला. दुसरा पडला, मग तिसरा, अगदी मऊ. डोळे अर्धवट मिटून ते गिअर टाकत होते, मी पाय हलवत होतो, आणि गाडीला पत्ताच नव्हता की तिला दोघे मिळून चालवताहेत.

"शब्द पाळायचा तर गाडी विकायला नको," ते म्हणाले. "नव्या तेलाने गिअर कुरकुरत नाहीये."

"नाहीच मुळी."

"या तेलाला आता पन्नास हजार तरी काळजी नाही. फक्त रविवारी उत्तन करायचं म्हटलं, तर किती वर्षं होतील रे?"

मी हिशेब केला नाही. "पुष्कळ," म्हणालो.

"मग तेवढी वर्षं येशील ना, क्लच दाबायला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, समोर रस्त्याकडे बघत होते. येईन म्हणालो. मी क्लच दाबला, आणि साडूभाऊंनी चौथा टाकला.