इस्तारीभाऊची बोडी अन् हिरवं पानी

गोल्फ म्हंजे काय, ते मले आजही धड समजलं नाई. एवढीशी गोटी, एवढा मोठा माळ, अन् त्या गोटीच्या लाडासाठी भर उन्हाळ्यातही हिरवंगार गवत. माहा नवरा लटारू तिथीच गवत कापाले जाते, म्हनून मी तोंड बंद ठेवत होती. आता नाई ठेवत.

इस्तारीभाऊ आमच्या शेजारचा. ढिवराचा मानूस, गावाखालच्या लहान तलावावर, आमच्या बोडीवर, मासोळी धरन्यात त्याचा जन्म गेला. रोज सकाळी ओंजळभर पानी तोंडात घेऊन चूळ भरे अन् पानी आज कसं हाय ते सांगे. त्याची बायको देवकाबाई चिडे. "मले कधी इचारलं, तू कशी हायेस म्हनून?" तो हासे अन् जाळं खांद्यावर टाकून निंगून जाये.

आमच्यात एक रीत हाय. मरळ मासोळी पिल्लं घेऊन फिरत असली त तिले धरत नाई. लाल पिल्लांचा घोळका वर, अन् माय त्यांच्या खाली. पिल्लं मोठे होऊन पांगले की मंग जाळं. त्या उन्हाळ्यात अशी एक मरळ बेशरमाच्या झुडपाजवळ फिरून राह्यली होती. इस्तारीभाऊ रोज पाहून ये अन् पायलच्या लेकरांचं सांगावं तसं देवकाबाईले सांगे. पायल त्यायची पोरगी, वरोऱ्याले दिलेली.

चैतात बोडी आटाले लागली. पिल्लं वाचतीन का नाई, हाच घोर त्याले. तिकडं माळावर फवारे सुरूच, उरलेलं पानी नालीतून वाया. इस्तारीभाऊनं कुदळ उचलली अन् नालीपासून बोडीपर्यंत एकट्यानं पाट खोदला. लटारू म्हने, "भाऊ, त्या गवतावर पोत्यानं खत टाकतेत, किडीचं औषध मारतेत. ते पानी नोको घेऊ."

"खतच ना बे? आपन बोडीत शेन टाकतो, ते काय हाय मंग?"

त्याचं म्हननं कोनालेही पटन असंच होतं. शेन टाकलं, पानी हिरवट झालं की मासोळीले चारा झाला, असं आम्ही सारेच समजतो. पाटाचं पानी आलं अन् बोडी हिरवी झाली. लय खुश झाला. देवकाबाईले काठावर आनून म्हने, "पाह्य, फुकटचं शेन." तिनं नाकाले पदर लावला. त्यानं चूळ भरली अन् लगेच थुकली.

वैशाखात अवकाळी पानी पडलं. आदल्याच दिवशी माळावर खत अन् औषध दोन्ही झालं होतं. सारं धुऊन पाटानं खाली आलं. दोन-चार दिवस आभाळ दाटलेलंच. मंग एका सकाळी रोहू, कतला, बारीक मासोळी, सारी पांढरं पोट वर करून तरंगत होती. मासोळी खात्याचे साहेब आले, म्हने खतानं शेवाळ माजलं, रातभर पान्यातली हवा तेच खाऊन गेलं, वरून औषध. मंग माळाचा मॅनेजर आला. त्यानं एवढंच इचारलं, "हा पाट कोनं खोदला?"

असा राग आला मले. पन बोलू काय? पाट त आमच्याच मानसानं खोदला होता. ते गेल्यावर इस्तारीभाऊनं कुदळीनं पाट बुजवला.

मरळ वर तोंड काढून हवा घेते, म्हनून ती तेवढी वाचली होती. पिल्लायले अजून ते जमत नाई, ते नाई वाचले. काठाले लागले ते मीच टोपल्यात गोळा करून बांधाखाली पुरले. देवकाबाई माह्यासोबत होती. मरळ अजून त्याच बेशरमाजवळ गोल-गोल फिरे. वर ये, खाली जाये, पुन्हा फिरे. इस्तारीभाऊ दिवसभर समोर बसून. जेवाले बोलावलं तरी उठे नाई.

शेजारचा भूपेश गळ घेऊन आला. "काका, तशीही मरनारच हाय ते. काढून घेऊ का?"

"धरू नोको," इस्तारीभाऊ म्हने. "तिचे पिल्लं हायेत सोबत."

भूपेशनं माह्याकडं पाह्यलं. मी बोलाले गेली, त देवकाबाईनं माहा हात दाबला. भूपेशनं गळ गुंडाळला अन् घरी गेला.