नर्सबाई

भिंगारमधल्या मिशनच्या दवाखान्यातल्या त्या नर्सबाई मधुमेहानं चिघळलेल्या आईच्या पायाचं ड्रेसिंग करायला रोज सकाळी घरी यायच्या. चपला पायरीवर सरळ जोडून ठेवायच्या आणि प्रत्येक वाक्याला "बरं का, काकू" लावायच्या. धर्माचा विषय त्यांनी कधी काढला नाही. आई मात्र त्यांना वेगळ्या कपात चहा द्यायची. मला ते दिसायचं, आणि तो कप मीही वेगळाच विसळून ठेवायचो.

पायाचं बोट कापायचं ठरलं, त्या सकाळी भीतीनं आईला रोजचं स्तोत्र आठवेना. "बाई, तुमच्या देवाला सांगा माझं," ती म्हणाली.

"त्याला रोजच सांगते, बरं का, काकू. तुमी तुमचं सावकाश म्हना. मी हाय."

आईचा हात धरून त्या स्तोत्र संपेपर्यंत बसल्या आणि शेवटी हळूच "आमेन" म्हणाल्या. आई दचकली, पण तिनं हात सोडवून घेतला नाही.